पोचल्यानंतरची वर्षं : निर्वासितांचे आणि त्यांच्या घरच्यांचे अनुभव

फाळणीची किंवा युद्धाची गोष्ट निघाली की सांगणारा आगगाडीपर्यंत, बोटीपर्यंत, फार तर सीमेपर्यंत येतो आणि थांबतो. माणसं जिवंत पोचली, एवढं कळलं की ऐकणाऱ्यालाही हायसं वाटतं. मी वकील आहे, माझं काम जमिनीच्या कागदपत्रांचं, आणि माझ्यासमोर येतात ती त्यापुढची वर्षं. आजोबांना मिळालेल्या खोलीची सनद नक्की कोणाच्या नावावर आहे? प्लॉट विकायला परवानगी का लागते? आजीचं जन्मगाव आता दुसऱ्या देशात आहे, तर अर्जात काय लिहायचं? ज्या माणसाला घर सोडायला एक रात्र पुरली, त्याच्या नातवाची उमेदीची वर्षं नवं घर कायद्याने आपलं करून घेण्यात जातात. हे पुन्हा पुन्हा बघते आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

पुढचे अनुभव वाचताना गोंधळ होऊ नये म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. निर्वासितांबद्दलचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आणि १९६७ चा त्याचा पूरक करार, दोन्हींवर भारताची सही नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. फाळणीत पश्चिमेकडून आलेल्यांसाठी भरपाईचे कायदे झाले, पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांना वेगळी वागणूक मिळाली, तिबेटींचं सगळं सरकारी आदेशांवर चाललं, आणि काश्मीर सोडून निघालेले देशातल्या देशातच राहिले म्हणून कागदावर निर्वासित ठरलेच नाहीत. दोन घरांनी सारखंच सोसलं तरी पदरात सारखं पडलं नाही.

स्वतःवर आलेलं, घरातल्या थोरांकडून ऐकलेलं, अशा माणसांबरोबर काम करताना पाहिलेलं, काहीही लिहा. फक्त निघण्याच्या रात्रीपाशी थांबू नका. पहिलं काम कसं मिळालं, मुलं कोणत्या शाळेत गेली, कोणत्या कागदावर अडलं, तेही येऊ द्या. नावं आणि पत्ते टाळा. ज्यांचे नातेवाईक अजून तिकडे आहेत त्यांनी तर नक्कीच.

उल्हासनगर

माझे आजी-आजोबा, म्हणजे आमच्या सिंधीत डाडी-डाडो, शिकारपूरचे. सिंधमध्ये पंजाबसारख्या कत्तली झाल्या नव्हत्या, त्यामुळे ऑगस्ट ४७ नंतरही डाडोंनी दुकान चालूच ठेवलं होतं. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि मग ज्याला त्याला आगबोटीचं तिकीट हवं होतं. आमची माणसं जागा मिळेपर्यंत कराचीत नातेवाइकांकडे थांबली आणि मुंबईला उतरली. डाडी सांगायची, बंदरावर झडती घेणाऱ्यांनी शिवणयंत्र ठेवून घेतलं आणि लोणच्याची बरणी जाऊ दिली.

मुंबईहून त्यांना कल्याणला पाठवलं. महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या छावण्या तिथे रिकाम्या पडल्या होत्या, त्यांत एक लाखाच्या आसपास माणसं राहिली. बराक म्हणजे लांबच लांब शेड, मध्ये भिंती नाहीत. गोणपाटं आणि चादरी टांगून प्रत्येकाने आपली हद्द आखली. पलीकडचं भांडण, आजारपण, बाळंतपण, सगळं कानावर. डाडीला सर्वांत जास्त त्रास झाला तो संडासाचा. शिकारपूरला ती परक्या पुरुषासमोर क्वचितच आली होती. इथे पहाटे अंधारात बायकांनी मिळून जायचं आणि एकीने राखण करायची. हे तिने मला माझ्या लग्नानंतर सांगितलं, त्याआधी कधीच नाही.

सुरुवातीला रेशन फुकट होतं, पुढे ते थांबलं. डाडो लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं आणि कंगवे विकायचे. डाडी बराकीतल्या बायकांबरोबर पापड लाटायची. सिंधी माणूस जात्याच धंद्यात हुशार, असं लोक म्हणतात तेव्हा मला राग येतो. जमीन नाही, ओळखीपाळखी नाहीत, नोकरी द्यायला कोणी नाही. थोड्या नफ्यावर पुष्कळ माल विकण्याखेरीज त्यांच्या हातात दुसरं काय होतं? माझ्या वडिलांचं सगळं बालपण पापडांच्या पाटावर गेलं, ते हुशारी म्हणून नव्हे.

८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी छावणीला उल्हासनगर हे नाव दिलं. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आम्ही अजून ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ असंच सांगतो.

आता कागदांबद्दल, कारण तुम्ही खास विचारलं आहे. १९५० च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेचा दावा नोंदवायचा होता. शिकारपूरच्या घराचे कागद डाडोंनी आणले नव्हते, कारण घर विकायचा विचारच नव्हता. शेजारच्या बराकीत शिकारपूरचेच एक गृहस्थ होते. त्यांनी आमच्या घराची साक्ष दिली, डाडोंनी त्यांच्या. घरात किती खोल्या, जिना कोणत्या बाजूला, अंगणात विहीर होती की नाही, असले प्रश्न विचारले. दावा मंजूर झाला तो खऱ्या किमतीच्या खूप खाली. १९५४ च्या कायद्यानंतर भरपाई ठरली, तीही फारशी रोख हातात आली नाही. बराकीतल्या खोल्यांची किंमत तिच्यातूनच वळती झाली. ज्या खोल्यांत गोणपाट टांगून राहिले, त्याच शिकारपूरच्या वाड्याच्या बदल्यात विकत घेतल्या.

डाडोंची पत्रं अरबी लिपीतल्या सिंधीत आहेत. वडील देवनागरीतून सिंधी शिकले, मी मराठी शाळेत गेले. पत्रं कपाटात आहेत, घरात वाचणारं कोणी उरलेलं नाही. कोणाला ती लिपी येत असेल तर इथे कळवा, मला ती वाचून घ्यायची आहेत.

कोल्हापूर

मी निर्वासित घरातला नाही. आमची शेती वळिवड्याच्या बाजूला, आणि आजोबा तिथल्या पोलंडच्या छावणीत भाजी घालायचे. ही गोष्ट कोल्हापूरबाहेर फारशी कोणाला माहीत नसते म्हणून लिहितो.

१९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांना उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर त्यांना सोडलं गेलं. त्यांतली पुष्कळशी इराणमार्गे बाहेर पडली आणि १९४३ मध्ये पंचगंगेकाठी वळिवड्याला पाचेक हजार माणसांची छावणी उभी राहिली. मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, कारण पुरुष एकतर सैन्यात होते नाहीतर वाटेत मेले होते. आजोबा सांगायचे की त्या बायकांनी आल्या आल्या दारापुढे फुलझाडं लावली. शाळा होती, चर्च होतं, नाटकं व्हायची. मोडकं मराठी बोलून त्या घासाघीस करायच्या आणि भाजी निवडून घेताना एक पान वाया जाऊ द्यायच्या नाहीत. सायबेरियात भूक काढलेली माणसं ती.

युद्ध संपल्यावर सगळ्यांना वाटलं, आता ही माणसं घरी जातील. पण त्यांची गावंच सोव्हिएत युनियनमध्ये गेली होती, आणि उरलेल्या पोलंडमध्ये नवी साम्यवादी राजवट येत होती. जिंकलेल्या बाजूला असूनही परतायला गाव नाही, हे आजोबांना कधी नीट उमगलं नाही. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी अमेरिकेला गेलं. काही जण कोल्हापूरच्या कबरस्तानात राहिले.

मग त्याच बराकींत सिंधी कुटुंबं आली. आज तिथे गांधीनगर आहे, कापडाच्या बाजारासाठी सगळ्या दक्षिण महाराष्ट्रात ओळखलं जाणारं. आजोबांनी एकाच दारात दोन्ही लोकांना भाजी विकली. पोलंडच्या लोकांवर पहिल्या दिवसापासून ‘जाणारी माणसं’ असा शिक्का होता, त्यामुळे कोणी त्यांच्याशी भांडलं नाही आणि कोणी त्यांना जागाही दिली नाही. सिंधी राहायला आले होते, म्हणून त्यांच्याशी बाजारावरून, जागेवरून कुरबुरी झाल्या. माझं मत असं की त्या कुरबुरी हीच वस्ती रुजत असल्याची खूण होती. आजोबांना हे पटायचं नाही, त्यांचा एका दुकानदाराशी जन्मभर अबोला होता.

रत्नागिरी

आमच्या घरातली गोष्ट थोडक्यात. पणजोबा रंगूनच्या बंदरात कामाला होते. २३ डिसेंबर १९४१ ला जपान्यांनी रंगूनवर बॉम्ब टाकले. बोटीची तिकिटं गोऱ्यांना आणि पैसेवाल्यांना मिळाली, बाकीचे चालत निघाले. चार लाखांहून जास्त हिंदी माणसं त्या वर्षी ब्रह्मदेशातून जंगलवाटांनी आली म्हणतात. पणजोबा प्रोमहून तौंगुपचा घाट चढून किनाऱ्याला आणि तिथून चितगावला पोचले. प्रोममध्ये पटकीची साथ होती. पणजी आणि धाकटा मुलगा तिथेच गेले.

चितगावहून ते घरी आले, स्वतःच्या गावी, स्वतःच्या भावांच्या घरी. आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. इतकी वर्षं रंगूनहून पैसे पाठवून त्यांनी भावांच्या नावावर जमीन घेतली होती. रिकाम्या हाताने परतल्यावर त्या जमिनीत त्यांचा वाटा आहे असं कोणी म्हणेना. आपल्याच गावात ते भाड्याच्या खोलीत राहिले. सरकारी छावणी, रेशन, दावा, यातलं काही त्यांच्यासाठी नव्हतं, कारण ते ‘घरी’ आले होते.

मुलचेरा, गडचिरोली

मी शिक्षक आहे, बंगाली आहे, आणि माझा जन्म महाराष्ट्रातला आहे. एवढं सांगितलं तरी लोक विचारतात, ‘मूळचे कुठले?’

माझे ठाकुरदा आणि ठाकुमा, म्हणजे आजोबा-आजी, पूर्व पाकिस्तानातल्या खुलना जिल्ह्यातले. डिसेंबर १९६३ मध्ये काश्मिरात हजरतबल दर्ग्यातून पैगंबरांचा केस मानला जाणारा पवित्र अवशेष नाहीसा झाला आणि जानेवारी ६४ मध्ये खुलन्यात घरं जळली. तोवर ठाकुरदांनी गाव सोडलं नव्हतं, कारण भात, नारळ, तळ्यातले मासे सगळं तिथे होतं आणि ५० च्या दंगलीतूनही गाव बचावलं होतं. या वेळी शेजारच्या मुसलमान कुटुंबाने आमच्या बायकांना रात्रभर घरात ठेवलं आणि त्यांच्याच मुलाने पहाटे नावेतून पोचवलं.

त्या वर्षी येणाऱ्यांना पश्चिम बंगालमध्ये ठेवून घेत नव्हते. सीमेवरून गाडीत बसवून थेट रायपूरजवळच्या माना छावणीत पाठवलं. तंबू, डोल म्हणजे सरकारी मदत, रांगा. माझी एक आत्या गोवराने मानातच गेली. ठाकुमा तिचं नाव कधी घ्यायची नाही, पण तिच्या वाटणीचा भात वर्षातून एकदा वेगळा काढून ठेवायची.

मानातून कुणाला कोरापुटला, कुणाला बस्तरला, दंडकारण्य प्रकल्पाच्या वस्त्यांत पाठवत होते. हा प्रकल्प १९५८ मध्ये याच कामासाठी सुरू झाला होता. आमच्यासारख्या काहींना महाराष्ट्रात, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आणलं. जंगल तोडून काढलेली जमीन, बैल, अवजारं आणि कर्ज मिळालं. नदीच्या गाळात भात लावणारी माणसं ही. इथल्या बरड जमिनीत, एका पावसाच्या भरवशावर काय पिकवायचं ते त्यांना कळेना. हिवतापाने पहिली काही वर्षं घरोघर माणसं आडवी होती. ठाकुरदांनी आधी तळं खणलं, मग शेताकडे बघितलं. आज आमच्या भागात गावोगाव तळी आणि त्यांत मासे दिसतात, ते या लोकांमुळे.

एक गोष्ट आमच्या बैठकांत बोलली जात नाही, ती मी इथे लिहितो. ती जमीन रिकामी नव्हती. गोंड आणि माडिया लोक त्या जंगलातून मोह, तेंदू, बांबू आणत होते, त्यांचे देव तिथे होते. आम्हाला घर देताना सरकारने त्यांना विचारलं नाही. माझ्या वर्गात दोन्हीकडची मुलं एका बाकावर बसतात. आमच्या इतिहासाच्या सोबत त्यांचाही सांगितला नाही तर माझं शिकवणं अर्धवट राहील.

मलकानगिरीच्या बाजूला गेलेले आमचे नातेवाईक तिथे टिकले नाहीत. १९७८ मध्ये हजारो कुटुंबं दंडकारण्य सोडून सुंदरबनात मरीचझापी बेटावर जाऊन राहिली, आपल्या भाषेच्या, पाण्याच्या मुलखात. १९७९ मध्ये पश्चिम बंगालच्या राज्य सरकारने बेटाची नाकेबंदी केली आणि पोलीस लावून बेट रिकामं केलं. किती माणसं गेली यावर आजही वाद आहे. आमचे परत आले ते दोघे कमी होऊन.

आता कागद. आम्ही नमोशूद्र. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित जातींत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. माझा चुलतभाऊ नदिया जिल्ह्यात आहे, त्याच्या मुलीला सवलत मिळते, माझ्या मुलीला नाही, आजोबा मात्र दोघींचे एकाच गावचे. आणि जमीन भोगवटादार वर्ग-२ ची. विकायची, गहाण ठेवायची तर परवानगी काढा. बँकेत कर्जाला गेलं की साहेब सातबारा बघून मान हलवतात. वकीलबाई, तुम्ही हे रोज बघत असाल.

धागा काढणारी

रोजच बघते. वर्ग-२ मागे मूळ विचार असा होता की गरजू माणसाकडून धनदांडग्याने जमीन लाटू नये. पन्नास-साठ वर्षांनी तोच संरक्षणाचा शब्द नातवाच्या कर्जाआड येतो. सगळ्यांना एकच सांगणं: मूळ वाटपाचा आदेश आणि त्याबरोबरचा नकाशा शोधा. नुसता सातबारा पुरत नाही, कारण शर्त कोणती होती ते वाटपाच्या आदेशात लिहिलेलं असतं. माना छावणीचं ओळखपत्र किंवा सीमेवर मिळालेला दाखला घरात असेल तर तो लॅमिनेट करू नका, शाई उडते आणि शिक्का वाचता येत नाही. सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि रंगीत प्रती काढून घ्या.

गोंदिया

माझा जन्म नोर्ग्येलिंगचा, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ आमची तिबेटी वसाहत आहे. पा-ला, म्हणजे वडील, १९५९ नंतर लहानपणीच हिमालय ओलांडून आले, आई-वडिलांबरोबर डोंगरात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. ७२ मध्ये ही वसाहत झाली तेव्हा इथे आले. थंड प्रदेशातली माणसं विदर्भाच्या मे महिन्यात. पहिल्या उन्हाळ्यात म्हातारी माणसं दिवसभर ओल्या फडक्याखाली पडून असायची, असं ते सांगत. मग भातशेती शिकले, आणि हिवाळ्यात शहरांत स्वेटर विकायला जाणं सुरू झालं. माझं मराठी त्या स्वेटरांच्या दुकानावर पक्कं झालं.

मला लिहायचं आहे ते भावाबद्दल. भारतीय कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्माने नागरिक. १ जुलै १९८७ पासून आई-बापांपैकी एक तरी नागरिक हवा. मी ८५ ची, भाऊ ८९ चा. एकाच दवाखान्यात जन्मलो, एकाच शाळेत गेलो. मी कायद्याने भारतीय, तो विदेशी. त्याला आरसी म्हणजे नोंदणीचं पुस्तक ठरल्या वेळी नवं करून घ्यावं लागतं आणि परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळं ओळखपत्र. विमानतळावर ते पुस्तक बघून अधिकारी वरिष्ठांना बोलावतो, आणि रांगेतली माणसं त्याच्याकडे बघत राहतात.

मलाही पासपोर्ट सहज मिळाला नाही. आमच्यासारख्यांना पासपोर्ट द्या असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं, तेव्हा कुठे दार उघडलं. पण आरसी परत करायची, वसाहतीत राहणं आणि तिथल्या सवलती सोडायच्या, अशा अटी आल्या. पा-ला त्या वेळी अंथरुणाला खिळले होते. मी अर्ज मागे ठेवला आणि ते गेल्यावर केला.

पुणे

आम्हा काश्मिरी पंडितांची १९ जानेवारी १९९० ची रात्र पुष्कळांनी सांगितली आहे, मी ती सांगत नाही. आम्ही अनंतनागहून ट्रकने निघालो, बनिहालचा बोगदा ओलांडला आणि जम्मूला उतरलो. मुठी नावाच्या छावणीत तंबू मिळाला. बर्फातून आलेली माणसं आणि जूनचा जम्मू. उष्माघाताने आणि साप चावून माणसं गेली. माझी आजी पहिल्याच उन्हाळ्यात गेली, दाखल्यावर कारण ‘वार्धक्य’.

वडील कॉलेजात शिकवायचे, त्यांचा पगार चालू राहिला म्हणून आम्ही इतरांपेक्षा लवकर तंबूतून भाड्याच्या खोलीत गेलो. हे मुद्दाम सांगते, कारण सगळे पंडित सारखेच वाचले असं नाही. शेती आणि छोटं दुकान असलेली माणसं मदतीच्या पैशांवर एकाच खोलीत वर्षानुवर्षं राहिली, जम्मूजवळ जगतीची वसाहत २०११ मध्ये झाली तोपर्यंत.

आमचं घर वडिलांनी ९५ मध्ये पडत्या किमतीला विकलं. बहिणीचं लग्न होतं. अशी विक्री थांबवणारा कायदा १९९७ मध्ये आला. तोवर माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची विकून झाली होती.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी कॉलेजांत काश्मिरी विस्थापितांच्या मुलांसाठी जागा ठेवल्या गेल्या, त्यातून मी पुण्याला आले. त्या एका निर्णयाने किती घरं उभी राहिली ते मी आमच्या समाजात मोजू शकते. माझ्या आयुष्याला वळण मिळालं ते त्या प्रवेशपत्रामुळे, आणि त्यासाठी मी या राज्याची ऋणी आहे.

जर्मनी

मी इथे नोकरीनिमित्त आहे आणि २०१५ पासून संध्याकाळी निर्वासितांना जर्मन शिकवते. त्या वर्षी जवळपास नऊ लाख माणसं आली. माझ्या वर्गात सीरियातल्या अलेप्पोचे एक औषधशास्त्रज्ञ होते. तुर्कस्तानहून रबरी होडीने ग्रीसच्या बेटावर, तिथून बाल्कन देशांतून चालत, बसने, रेल्वेने. बायको आणि लेक तुर्कस्तानात ठेवल्या, कारण होडीची भीती. कागद मिळाले की त्यांना विमानाने बोलवू, असा विचार.

मुलाखतीला वर्ष लागलं. त्यात सगळा प्रवास तारखांसकट सांगावा लागतो, आणि ज्याने बॉम्बमध्ये भाऊ गमावला तो महिने नीट सांगू शकत नाही. एक तारीख पुढे-मागे झाली की अधिकारी पुन्हा मागे जातो. त्यांना दुय्यम दर्जाचं संरक्षण मिळालं, आणि मार्च २०१६ मध्ये नेमकं त्या दर्जाच्या लोकांचं कुटुंब बोलावणं स्थगित झालं. ते २०१८ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, तेही महिन्याला हजार माणसांच्या मर्यादेत. लेक आली तेव्हा ती वडिलांशी तुर्कीत बोलत होती. हे त्यांनी मला वर्गात, सगळ्यांसमोर, शिकलेल्या जर्मनमध्ये सांगितलं.

२०२२ मध्ये युक्रेनची माणसं आली. युरोपियन संघाने ४ मार्चला तात्पुरतं संरक्षण लागू केलं, त्यात ती लांबलचक मुलाखत नाही आणि कामाची परवानगी लगेच. मला ते योग्यच वाटलं, सगळ्यांना असंच मिळायला हवं होतं. ते अलेप्पोचे गृहस्थ आठवडाभर स्टेशनवर सामान उचलायला आणि रशियन येणाऱ्या मित्राला घेऊन लोकांना वाट दाखवायला जात होते. मी विचारलं, राग नाही येत? म्हणाले, येतो, पण त्या बायकांवर कशाला काढू?

ओहायो, अमेरिका

मी एका पुनर्वसन संस्थेत काम करते. इथे भूतानमधल्या नेपाळीभाषक लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्याशी हिंदीत बोलता येतं म्हणून मला हे काम मिळालं.

यांची गोष्ट कागदापासूनच सुरू होते. भूतानने १९८५ मध्ये नागरिकत्वाचा कायदा बदलला आणि १९८८ च्या जनगणनेत दक्षिणेकडच्या लोकांना १९५८ सालचा राहिवास सिद्ध करायला सांगितलं. म्हणजे त्या वर्षीची जमिनीच्या कराची पावती. ५७ ची असली तरी चालत नव्हती, ५९ ची असली तरी नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांकडे ५८ ची पावती होती. तरी त्यांना बाहेर पडावं लागलं, ‘स्वखुशीने जातो’ अशा कागदावर सही करून. भारतातून ट्रकने नेपाळला, मेची नदीपाशी, आणि पुढे झापा-मोरंगच्या छावण्यांत बांबूच्या झोपडीत. २००८ मध्ये तिसऱ्या देशांत पुनर्वसन सुरू झालं. एक लाख तेरा हजारांवर माणसं गेली, त्यांतली बहुसंख्य अमेरिकेत.

इथे आल्यावर पहिले नव्वद दिवस आमची संस्था बघते: घर, शाळा, दवाखाना, नोकरीचा अर्ज. विमानाचं तिकीट कर्जाऊ असतं, ते काही महिन्यांत फेडायला सुरुवात करायची असते. तरुण माणसं गोदामात, मांसाच्या कारखान्यात रात्रपाळी धरतात आणि मार्गी लागतात. म्हातारी माणसं घरात अडकतात. बर्फ, इंग्रजी पाट्या, गाडी चालवता येत नाही, सुना-मुलं कामावर. छावणीत निदान दारासमोर चार माणसं बसलेली असायची. या समाजात आत्महत्या इतक्या होत होत्या की २०१२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राला त्यावर पाहणी करावी लागली. आम्ही त्यानंतर म्हाताऱ्यांसाठी भाजीचे मळे आणि भजनाची दुपार सुरू केली. औषधांपेक्षा त्यांचा उपयोग जास्त झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

अपंग किंवा म्हाताऱ्या निर्वासिताला मिळणारी सरकारी मदत सात वर्षांनी बंद होते, त्याआधी नागरिक व्हावं लागतं. त्या आजोबांनी सही करण्यापुरतंही कधी इंग्रजी लिहिलं नव्हतं. नातीने नागरिकत्वाच्या परीक्षेचे शंभर प्रश्न नेपाळीत गाण्यासारखे पाठ करून घेतले, मग इंग्रजीत. ते पास झाले.

आणि मग २०२५ आलं. गुन्ह्याची नोंद असलेल्या काही भूतानी निर्वासितांना अमेरिकेने पकडून भूतानला पाठवलं. भूतानने त्यांना ठेवून घेतलं नाही, सीमेबाहेर काढलं, आणि त्यांतले काही जण पुन्हा नेपाळच्या त्याच छावणीत पोचले जिथे त्यांचं बालपण गेलं होतं. आमच्या वस्तीत त्या आठवड्यात कोणी कामावर जाईना.

आता आम्ही दर शनिवारी देवळाच्या सभागृहात कागद तपासायला बसतो. ज्यांचं नागरिकत्व झालेलं नाही त्यांचे अर्ज आधी, मग पत्त्याचे बदल, मग जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी असलेल्यांना वकिलाकडे पाठवणं. आजोबा रांग लावायचं काम करतात. कोणी म्हणालं की माझं अजून दोन वर्षांनी बघू, की ते त्याला खुर्चीवर बसवून अर्जाचं पहिलं पान समोर ठेवतात.